हॉप-मिश्रण, गृहनिर्मित बिअरमधील

घरगुती बिअरमध्ये कडवटपणा, स्वाद व गंध साधण्यासाठी हॉप (ह्युम्युलस ल्युप्युलस) या वेलीच्या दोन किंवा अधिक वाणांची केलेली निवड. अमेरिकेत १९७८ मध्ये संमत झालेल्या संघीय कायद्याने स्वतःपुरती बिअर करण्यास करमाफी मिळाली आणि १९७२ मध्ये प्रसारित झालेला कॅस्केड हा वाण तेथील पेल एलच्या मिश्रणांचा पाया ठरला. मादी फुलोऱ्यातील ल्युप्युलिन ग्रंथींत आल्फा अम्ले व बाष्पनशील तेले असतात. माल्टच्या गोड अर्कात (वर्ट) तासभर उकळल्यावर अम्लांचे कडू समघटक बनतात, तेले मात्र उडून जातात. म्हणून मॅग्नमसारखा, आल्फा अम्ले १० टक्क्यांहून अधिक असलेला वाण आरंभी, तर गंधाचे वाण उकळण्याच्या अखेरीस किंवा थेट किण्वनपात्रात (ड्राय हॉपिंग) घालतात. कॅस्केडच्या ग्रेपफ्रूटसदृश गंधाला सेंटेनिअलचा फुलांसारखा आणि चिनूकचा चीडाच्या राळेसारखा गंध पूरक ठरतो. चिनूकचे प्रमाण वाढल्यास तो इतरांना झाकतो. बोहीमियन पिल्सनरमध्ये मिश्रणाची गरज क्वचितच भासते, कारण तेथे साट्झ हा एकच वाण परंपरेने पुरेसा मानला जातो (→ किण्वन, बिअर, माल्ट).