फायनल संपेपर्यंत थांबलेलं पत्र

२१ मार्च २०१०, चेन्नई. ललित मोदींच्या निलंबनाला ३५ दिवस बाकी.

आयपीएलच्या दोन नव्या संघांचा लिलाव झाला. पुण्याचा संघ सहारा समूहाने १,७०२ कोटी रुपयांना घेतला आणि कोचीचा संघ रॉन्देव्हू गटाने १,५३३ कोटींना. बेरीज ३,२३५ कोटी. बुलढाणा जिल्ह्यात हा आकडा वाचणाऱ्याला दुसरा एक आकडा आठवल्याशिवाय राहत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं, ते ३,७५० कोटींचं. त्या सहांत बुलढाणाही होता. सहा जिल्ह्यांच्या कर्जबाजारी शिवाराला सावरायला जेवढे लागतात असं सरकारने ठरवलं, जवळपास तेवढ्यात क्रिकेटचे दोन संघ विकले गेले.

हा बाजार उभा केला तो आयपीएलचे अध्यक्ष ललित मोदी यांनी. अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगचा साचा त्यांनी क्रिकेटला लावला: शहराच्या नावाचा संघ, त्याचा मालक, खेळाडूंचा लिलाव, टीव्हीचे हक्क. २००८ मध्ये पहिला हंगाम झाला. २००९ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे सुरक्षेचा प्रश्न आला, तर अख्खी स्पर्धा त्यांनी काही आठवड्यांत दक्षिण आफ्रिकेत हलवली. हे कर्तृत्व नाकारण्यात अर्थ नाही. पण याच धडाक्यात आयपीएलच्या सगळ्या चाव्या एका माणसाच्या कंबरेला गेल्या आणि भारतीय क्रिकेट नियामक मंडळातल्या, म्हणजे बोर्डातल्या, कुणाला त्याचं काही वाटलं नाही. निदान तसं कुणी बोललं नाही.

११ एप्रिल. १४ दिवस.

कोचीच्या संघात कुणाचा किती हिस्सा आहे, हे मोदींनी ट्विटरवर जाहीर केलं. त्यातून परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांच्याकडे बोटं गेली. भागीदारीचा करार गुप्त ठेवायचा असतो, असं बोर्डाचं म्हणणं पडलं. आजवर बंद दाराआड चाललेला व्यवहार चावडीवर आला, आणि आणला तो खुद्द आयपीएलच्या अध्यक्षाने.

१५ एप्रिल. १० दिवस.

आयकर खात्याचे अधिकारी मुंबईत आयपीएलच्या दारात. तीन दिवसांनी, १८ तारखेला, थरूर यांचा राजीनामा. एक मंत्री गेला म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचंही कुणी जाणार, हे दिल्लीचं राजकारण बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात एक साधा प्रश्न उभा होता. शिवसेनेचे सुभाष देसाई यांनी जनहित याचिकेत विचारलं होतं की राज्य सरकार आयपीएलकडून करमणूक कर का घेत नाही? तालुक्याच्या गावात तिकीट लावून सिनेमा दाखवणाऱ्याकडून हा कर वसूल व्हायचा. माझ्या मते त्या सगळ्या गदारोळातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच होता, आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष गेलं.

रविवार, २५ एप्रिल. दिवसभर.

सोमवारी सकाळी १० वाजता मुंबईत आयपीएलच्या गव्हर्निंग कौन्सिलची बैठक लागली होती. ती बोलावण्याचा अधिकार फक्त आपला, असं म्हणून मोदींनी आधी हरकत घेतली, मुदतही मागितली. रविवारी त्यांनी पवित्रा बदलला: बैठकीला येईन आणि अध्यक्षस्थानीही मीच असेन.

समोर बोर्डाचे अध्यक्ष होते शशांक मनोहर. नागपूरचे वकील, विदर्भ क्रिकेट असोसिएशनमधून वर आलेले. बुलढाण्याच्या पोराला रणजीचं दार याच असोसिएशनमधून उघडतं, त्यामुळे हे नाव इकडे परकं नव्हतं. मोबाइल न बाळगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. ट्विटरवर रोज नवा बार उडवणाऱ्या मोदींशी असा माणूस कागदावरच लढणार. बोर्डाच्या घटनेतल्या कलमाने बोर्डाच्या अध्यक्षाला निलंबनाचा अधिकार दिला होता, आणि मोदी बैठकीच्या खुर्चीवर बसण्याआधी तो वापरणं भाग होतं. म्हणजे हातात एकच रात्र होती, आणि त्या रात्री फायनल होती.

रात्री ८. नेरुळ, डी. वाय. पाटील स्टेडियम.

मुंबई इंडियन्स विरुद्ध चेन्नई सुपर किंग्ज. धोनीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सुरेश रैनाने ३५ चेंडूंत नाबाद ५७ केल्या, चेन्नई ५ बाद १६८.

एप्रिलअखेरचं ऊन दिवसभर सोसलेली घरं रात्रीही धगधगत असतात. खामगाव, मलकापूर, मेहकरकडे लोक टीव्ही दारात ओढून अंगणात बसत आणि भारनियमनाची वेळ चुकली तर देवाचे आभार मानत. त्या रात्री जीव सचिनमध्ये अडकला होता. सेमीफायनलमध्ये त्याचा हात दुखावला होता, तरी तो खेळत होता. त्या हंगामात सर्वाधिक, ६१८ धावा त्याच्या. फायनलमध्ये त्याने ४८ केल्या आणि तो गेला. पोलार्डला फार उशिरा पाठवलं. १० चेंडूंत २७ करून तोही गेला. तो चार षटकं आधी का आला नाही, यावर इकडे कट्ट्यावर अजून वाद होतो. मुंबई ९ बाद १४६. चेन्नई २२ धावांनी जिंकली.

चेन्नईच्या संघाची मालकी इंडिया सिमेंट्सकडे. त्या कंपनीचे प्रमुख एन. श्रीनिवासन हे बोर्डाचे सचिव. मोदींवर कारवाई करणाऱ्या बोर्डाचा सचिव आणि चषक जिंकणाऱ्या संघाचा धनी एकच. मैदानावर हे लपलेलं नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं, आणि चालत होतं.

सामना संपल्यावर.

समारोपाला मोदी बोलायला उभे राहिले. भाषणात त्यांनी गीतेचा आधार घेतला. आतषबाजी झाली.

मध्यरात्रीच्या सुमारास.

ई-मेल आला. बोर्ड आणि आयपीएलच्या सर्व कामकाजातून निलंबन, सोबत कारणे दाखवा नोटीस, उत्तराला १५ दिवस. आरोप २२: २००८ च्या लिलावात नातेवाइकांच्या हितसंबंधांकडे डोळेझाक, नव्या संघांच्या निविदेत जाचक अटी, टीव्ही हक्कांच्या व्यवहारातली ४२५ कोटींची 'फॅसिलिटेशन फी', कोचीचं ट्विट. मोदींनी हे सगळे आरोप तेव्हाही फेटाळले, आजही फेटाळतात.

एवढी यादी आतषबाजी विझेपर्यंतच्या तासाभरात तयार होत नाही. ती आधीपासून तयार असणार. शेवटचा चेंडू पडेपर्यंत आणि शेवटची जाहिरात जाईपर्यंत तिला थांबवलं, एवढंच. आणि त्यातला पहिला आरोप दोन वर्षांपूर्वीचा. २००८ मध्ये जे घडलं ते २००८ मध्येच विचारायला काय हरकत होती? मोदी दोषी की निर्दोष हे न्यायालय ठरवेल. पण पैसा येत होता तोवर बोर्ड गप्प राहिलं आणि आपसांतलं भांडण बाहेर फुटल्यावर हिशेब मागायला निघालं, याचा मला आजही संताप येतो.

सोमवार, २६ एप्रिल, सकाळी १०.

मोदींशिवाय बैठक. बडोद्याचे चिरायू अमीन हंगामी अध्यक्ष.

नंतर.

मे महिन्यात मोदी लंडनला गेले. अंडरवर्ल्डकडून जिवाला धोका होता म्हणून गेलो, असं ते सांगतात. परत आले नाहीत. मार्च २०११ मध्ये पासपोर्ट रद्द, ऑगस्ट २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून तो बहाल. मधे सप्टेंबर २०१३ मध्ये बोर्डाची आजीवन बंदी. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाचं अजामीनपात्र वॉरंट. त्याच वर्षी चेन्नई सुपर किंग्जवर सट्टेबाजीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली. मार्च २०२५ मध्ये मोदींनी भारतीय पासपोर्ट सोडण्याचा अर्ज केला. वानुआटू या पॅसिफिकमधल्या द्वीपदेशाचं नागरिकत्व त्यांनी घेतलं होतं. तिथल्या पंतप्रधानांनी मोदींचा वानुआटूचा पासपोर्ट रद्द करण्याचे आदेश दिले.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या हंगामावरून ईडीने परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली मोदींना १० कोटी ६५ लाखांचा दंड लावला होता. तो बोर्डाने भरावा, अशी मागणी घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि त्यांना एक लाख रुपये टाटा मेमोरियल रुग्णालयाला द्यायला सांगितले. शेगाव, नांदुरा, मलकापूरहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसून आमच्याकडचे कॅन्सरचे पेशंट त्याच रुग्णालयात जातात.