ओपनसीव्ही : उंबरठ्यावरील इतिहास

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें जमविलीं, तेव्हांपासून किरकोळ चिठ्ठ्याचपाट्यांसहि इतिहासाच्या साधनांचा मान आपल्याकडे मिळूं लागला. संगणकाच्या पडद्यावर उमटणारी बिघाडाची सूचना ही अशीच एक चिठ्ठी होय, असें आम्हांस वाटतें. 'ओपनसीव्ही' नामक आज्ञावलींचा संग्रह, ज्यास संगणकवाले लायब्ररी म्हणतात, आपल्या यंत्रावर बसवूं जाणाऱ्या विद्यार्थ्यास अशा सूचना पदोपदीं भेटतात. तो त्यांस आपल्या अकलेवरील शेरा समजतो आणि पुष्कळदां तेथेंच थांबतो. वस्तुतः दोष बहुधा त्याचा नसतो. पूर्वीं कोणीं तरी घेतलेल्या निर्णयाचा तो अवशेष असतो.

चित्रांतील चेहरे, आकृति, हालचाल यंत्रास ओळखतां यावी, यासाठीं लागणाऱ्या क्रिया प्रत्येकानें पहिल्यापासून लिहीत बसूं नये, या हेतूनें गॅरी ब्रॅडस्की यांनीं १९९९ सालीं इंटेल कंपनींत या कार्याचा आरंभ केला. कंपनीचा हेतु निव्वळ परोपकाराचा नव्हता. असलीं गणितें वाढलीं म्हणजे वेगवान प्रोसेसरांस खपहि वाढणार, हा हिशेब त्यामागें होताच. तरी संग्रह सर्वांस मोफत व खुला राहिला, हें विशेष. पहिली पूर्ण आवृत्ति २००६ सालीं निघाली. २००९ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत मूळची सी भाषेची मांडणी मागें सारून सी-प्लस-प्लसची नवी मांडणी पुढें आली.

पहिली अडचण नांवाची. पुडक्याचें नांव 'ओपनसीव्ही-पायथॉन', परंतु आज्ञावलींत त्यास हांक मारावयाची ती 'सीव्ही२' म्हणून. नवखा मनुष्य साहजिकच 'सीव्ही२' बसवूं पाहतो आणि रित्या हातानें परततो. हा दोनाचा आंकडा आवृत्तीचा असावा असा समज आहे. पण चौथी आवृत्ति २०१८ सालीं निघाली तरी आंकडा हलला नाहीं. सी मांडणीशीं बोलणारा पायथॉनचा जुना दुवा 'सीव्ही', आणि नव्या मांडणीशीं बोलणारा 'सीव्ही२', एवढाच त्याचा अर्थ. २०१५ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत थोरला नाहींसा झाला. धाकट्याचें नांव मात्र तेंच राहिलें.

दुसरी अडचण खिडकीची. लिनक्सवर ताजी आवृत्ति हवी असल्यास पूर्वीं मूळ आज्ञावली उतरवून घेऊन 'सीमेक'च्या साहाय्यानें ती स्वतः कंपाइल करणें हाच बहुधा मार्ग असे. रॅस्पबेरी पायसारख्या चिमुकल्या यंत्रावर त्यास कित्येक तास लागत. एवढें करून चित्र पडद्यावर दाखवावयास जावें, तों 'हें कार्य उपलब्ध नाहीं, जीटीके घालून संग्रह पुन्हां बांधा' अशा अर्थाची सूचना येई. खिडकी उघडण्याचें साहित्य कंपाइल करतेवेळीं यंत्रांत नसलें, तर सीमेक तो भाग वगळून पुढें जाई. त्याची नोंद सीमेकच्या लांबलचक अहवालांत असे, पण तो वाचतो कोण? २०१६ सालापासून तयार बांधलेलीं पुडकीं पायथॉनच्या भांडारांत मिळूं लागलीं, तेव्हां हेंच दुखणें उलट बाजूनें उपटलें. पडदाच नसलेल्या सर्व्हरवर पुडकें 'लिबजीएल' मागूं लागलें. त्यासाठीं 'हेडलेस', म्हणजे खिडकीवांचूनचें पुडकें निघालें. पुष्कळ जण जुनें न काढतां हें त्यावर बसवितात; पण दोघांचें बिऱ्हाड एकाच 'सीव्ही२'च्या खोलींत असल्यामुळें एकमेकांचें सामान तीं उधळून टाकतात. सर्व पुडकीं काढून एकच बसवावें, हा त्यावर उपाय.

सर्वांत बोधप्रद प्रकरण 'सिफ्ट'चें. चित्र लहानमोठें केलें किंवा फिरविलें तरी त्यांतील ठळक बिंदु ओळखण्याची ही पद्धति डेव्हिड लोव यांनीं १९९९ सालीं मांडली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाकडे तिचें अमेरिकन पेटंट होतें. म्हणून संग्रहानें ती 'नॉनफ्री' नांवाच्या वेगळ्या कोठडींत ठेवली. तिसऱ्या आवृत्तींत ती मुख्य संग्रहाबाहेर 'कॉन्ट्रिब' या जोडसंग्रहांत गेली. आणि २०१८च्या सुमारास तयार पुडक्यांतून अजिबात वगळली गेली. क्रमिक पुस्तकांत मात्र ती होतीच! पुस्तकांतील ओळ अक्षरशः उतरवावी आणि यंत्रानें अशी वस्तु येथें नाहीं म्हणून सांगावें, या कोड्यानें किती विद्यार्थी हैराण झाले असतील? त्या काळीं ३.४.२.१६ हा आवृत्तीचा आंकडा गुरुमंत्रासारखा एकमेकांस सांगितला जाई. कारण सिफ्ट शाबूत असलेलें जुनें पुडकें तें.

मार्च २०२० मध्यें पेटंटाची मुदत संपली. त्याच वर्षीं जुलैंत ४.४.० ही आवृत्ति निघून सिफ्ट मुख्य संग्रहांत परत आली. परंतु मंत्र कांहीं मेला नाहीं. आजहि एखादा विद्यार्थी कोठें तरी वाचून तोच आंकडा मागतो. तें जुनें पुडकें नव्या पायथॉनसाठीं बांधलेलेंच नसल्यामुळें त्यास नवी सूचना मिळते, आणि तो पायथॉन उतरविण्याच्या उद्योगास लागतो. ज्या सिफ्टसाठीं हा सारा खटाटोप, ती साध्या पुडक्यांत २०२० सालापासून विनासायास मिळते.