मोटारीचा चातुर्मास

आषाढ लागला की कोकणच्या किनाऱ्यावरील होड्या वाळूवर ओढून घ्यावयाच्या, झावळ्यांनी शाकारून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ वाहून मगच पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, हा परिपाठ वाचकांस परिचितच आहे. मोटारगाडीलाही एके काळी असाच चातुर्मास पाळावा लागत असे, आणि तोही जिने ती घरोघर पोहोचविली त्या अमेरिकेच्या उत्तर भागात, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसेल. हा चातुर्मास कसा सुटला आणि सुटूनही पुन्हा कसा आला, याचा इतिहास उद्बोधक आहे.

१९०८ साली हेन्री फोर्ड याने 'मॉडेल टी' ही गाडी बाजारात आणली. १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटीहून अधिक प्रती निघाल्या. शेतकऱ्याच्या दारी मोटार उभी राहिली ती या गाडीमुळे. परंतु त्या काळच्या बहुतेक गाड्या उघड्या असत. वर कापडी छत, बाजूंस मोकळे वारे. शिवाय रस्तेही तिला प्रतिकूल. व्हरमाँटसारख्या संस्थानात हिवाळी बर्फ रस्त्यावरून काढून टाकीत नसत. घोडे जुंपलेले प्रचंड लाकडी रूळ फिरवून ते दाबून घट्ट करीत. कारण हिवाळ्याचे खरे वाहन म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी बिनचाकी घोडागाडी. तिची जी सोय, तीच मोटारीची अडचण. म्हणून पहिल्या मोठ्या हिमवृष्टीपूर्वीच मोटार कोठारात जाई.

तिला नुसती नेऊन उभी करणे पुरेसे नसे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि त्या फुगवट्यापुढे बिडाचे इंजिनही तडकते. म्हणून प्रथम रेडिएटरमधील पाण्याचा थेंबन्‌थेंब काढावयाचा. टाकीतील पेट्रोल उपसावयाचे, कारण ते शिळे होऊन त्याचा चिकट साका नळ्यांत बसतो. ठिणगीच्या प्लगांची भोके मोकळी करून प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल ओतावयाचे व हँडलाने इंजिन चार वेळा फिरवावयाचे, म्हणजे आतील भागास गंज चढत नाही. आसांखाली लाकडी ठोकळे देऊन गाडी अधांतरी ठेवावयाची, नाहीतर एकाच जागी भार पडून रबर चेपते. ज्या गाडीस बॅटरी असेल तिची बॅटरी काढून भारित ठेवणे अगत्याचे; कारण भरलेल्या बॅटरीतील आम्ल कडाक्याच्या थंडीतही टिकते, पण रिकाम्या बॅटरीतील द्रव शून्याखाली थोडक्याच अंशांवर गोठतो. शेवटी गाद्यांत उंदीर घर करणार नाहीत अशी तजवीज करून वर कापड पांघरावयाचे.

हा चातुर्मास अवघ्या दोन दशकांत मोडला. १९१२ साली चार्ल्स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरसह कॅडिलॅक गाडी निघाली आणि थंडीने घट्ट झालेल्या तेलाशी हँडल मारून झुंजणे सुटले. १९१९ साली अमेरिकेत बंदिस्त गाड्यांचे प्रमाण जेमतेम दशांश होते, ते १९२७ पर्यंत पाचांत चारांहून अधिक झाले. पूर्वी पाणी गोठू नये म्हणून त्यात मद्यार्क घालीत, पण तो तापलेल्या रेडिएटरातून उडून जाई. १९२७ साली 'प्रेस्टोन' या नावाने एथिलीन ग्लायकॉल बाजारात आले, आणि ते उडून जात नसे. नांगर लावलेले ट्रक रस्ते मोकळे करू लागले. दरम्यान न्यू हॅम्पशायरमधील व्हर्जिल व्हाइट याने मॉडेल टीला घसरपट्ट्या व पट्टे बसविण्याची युक्ती काढून १९१७ मध्ये तिचे पेटंट घेतले. ती खेड्यांतील डॉक्टरांस व टपालवाल्यांस फार उपयोगी पडली. हे विसरून चालणार नाही. हिवाळ्यात वाहन बंद म्हणजे आडगावच्या आजाऱ्याला वैद्य दुर्लभ, असाच त्या चातुर्मासाचा अर्थ होता. तो सुटला यात लोकांचे कल्याणच झाले.

परंतु ऋतूवर मिळविलेल्या या विजयाची किंमतही द्यावी लागली. १९३८ साली न्यू हॅम्पशायरने रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मिठाचा प्रयोग आरंभिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही चाल उत्तर अमेरिकेत सर्वत्र पसरली. रस्ते बारमाही झाले. पण तेच खारे पाणी मोटारींचे तळ कुरतडू लागले, आणि झिरपत जाऊन विहिरी व तळी यांतही उतरले. परिणाम असा, की जुन्या किंवा हौसेच्या गाड्यांचे धनी आजही हिवाळ्यापूर्वी त्या झाकून ठेवितात. विधीत थोडा फरक पडला आहे. टाकी आता रिकामी करण्याऐवजी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकविणारे द्रव्य घालतात, म्हणजे आत दव धरण्यास जागा उरत नाही. बॅटरीस मंद प्रवाह देणारे यंत्र जोडून ठेवितात. जर्मनीत तर १९९७ पासून गाडीच्या क्रमांकपट्टीवरच ती वर्षातील कोणत्या महिन्यांत रस्त्यावर येणार ते छापण्याची सोय आहे.

पूर्वी गाडी दुर्बल होती म्हणून ती हिवाळ्यात झाकीत. आता रस्ताच तिला मारक झाला आहे म्हणून झाकितात. गरजेची गाडी मिठात झिजते, आवडीची तेवढी कोठारात जाते. हिवाळा हरला असे म्हणण्यापेक्षा त्याचा कर लोखंडाकडून आणि विहिरींकडून वसूल होऊ लागला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.