थंड भाडं, गरम भाडं

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या बहिणीचा मुलगा जर्मनीत शिकायला गेला आहे. खोली मिळाल्याचं सांगायला त्याचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामू, थंड भाडं तीनशे दहा युरो आणि गरम भाडं चारशे.’’ मला आधी वाटलं, पोराला थंडीताप भरलाय की काय! मग त्यानं समजावून सांगितलं. तिथे नुसत्या जागेच्या भाड्याला थंड भाडं म्हणतात. त्यात खोली उबदार ठेवण्याचा खर्च, पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट हे सगळं मिळवलं, की ते झालं गरम भाडं. जाहिरातीत डोळ्यांत भरतो तो थंड आकडा. खिशातून जातो तो गरम.

हिशेब इथेच संपत नाही. जर्मन सरकार व्हिसा देण्याआधी विद्यार्थ्याचा वर्षभराचा खर्च एका बंद खात्यात ठेवायला लावतं. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. पैसे आपलेच, पण दरमहा ठरलेला हप्ताच हातात येतो. आमच्या दुल्हेभाईंनी त्यासाठी भविष्य निर्वाह निधी मोडला आणि वर बँकेचं कर्ज काढलं. शिवाय घरमालकाला थंड भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत घेता येते, ती वेगळीच.

त्या रात्री मला झोप येईना. मनात आलं, परदेशी शिकून आलेल्या आपल्या थोरामोठ्यांची चरित्रं आपण वाचतो. त्यांनी कोणती पदवी मिळवली, कोणता ग्रंथ लिहिला, हे आपल्याला पाठ असतं. पण ते राहिले कुठे, जेवले काय, महिनाअखेरीला त्यांच्या हाती किती उरलं, याकडे आपलं लक्ष जात नाही. आज या भाड्याच्या खोल्यांच्या इतिहासाबद्दलच बोलायचं आहे.

सुरुवात आनंदीबाई जोशी यांच्यापासून करू. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही, ओळखीचं कुणी नाही. होती ती फक्त पत्रांतून जुळलेली एक मैत्री. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घ्यायला आल्या आणि त्यांनी या परक्या मुलीला आपल्या घरी ठेवून घेतलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. ते उन्हाळ्याचे दिवस सुखाचे गेले.

पुढे त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि मावशीचं घर सुटलं. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडलीबाई मायाळू होत्या, त्यांनी मदतही केली. पण राहायची खोली बाधली. खोलीतली शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की गारठा. साडी सोडायची नाही आणि मांसाहार करायचा नाही, हा निश्चय. त्यामुळे अंगावर पुरेशी ऊब नाही आणि पोटात पुरेसं अन्न नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानं त्यांचं निधन झालं. बाविसावं वर्षही पुरं व्हायचं होतं. क्षयाचं खापर एका खोलीवर फोडता येणार नाही. पण त्यांच्या पदवीबद्दल अभिमानानं बोलताना ती धुरकट खोलीही आठवावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरे विद्यार्थी मोहनदास गांधी. १८८८ मध्ये ते लंडनला पोचले आणि व्हिक्टोरिया हॉटेलात उतरले. तिथलं तीन पौंडांचं बिल पाहून त्यांना धक्काच बसला. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनीही साहेबी थाट केला. बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवून घेतला, नाचाची शिकवणी लावली, व्हायोलिन विकत घेतलं. दुसरीकडे पोट उपाशीच होतं. ज्या घरात ते राहत तिथल्या दोन मुली आग्रह करून पावाचे एकदोन तुकडे जास्त वाढत. अख्खा पाव मिळाला असता तर भूक भागली असती, पण मागायची लाज वाटे, असं त्यांनीच आत्मकथेत सांगितलं आहे.

मग त्यांनी वही घातली. गाडीचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्रावर खर्च झालेली दोन नाणी, सगळं रोज रात्री झोपण्याआधी लिहायचं आणि शिल्लक जुळवायची. वहीत खर्च दिसू लागला तसा तो कमी करण्याचे मार्गही दिसू लागले. कुटुंबात पैसे भरून राहणं त्यांनी सोडलं. कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात चालत जाता येईल अशा जागी खोल्या घेतल्या. गाडीभाडं वाचलं आणि रोजचं आठ-दहा मैल चालणं झालं. पुढे दोन खोल्यांची एक खोली केली, स्टोव्ह घेतला. सकाळी ओटची लापशी, रात्री पाव आणि कोको. खाण्याचा दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आला. यातून जीवन सुकलं नाही, उलट आत-बाहेर मेळ बसला, असं त्यांना वाटलं. नंतर विलायतेला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक मार्गदर्शिकाही लिहिली. आठवड्याला एका पौंडात लंडनमध्ये राहता येतं, हे त्यांनी त्यात हिशेबानिशी मांडलं. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, पण त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात आज वाचायला मिळते.

म्हणजे पैशाचा प्रश्न वहीनं काही अंशी सुटतो. पण खोली देणाराच नाही म्हणाला तर? तिथे वही काय करणार?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हिंदी विद्यार्थी वाढले, तसा हा प्रश्न उघड झाला. कातडीचा रंग पाहून अनेक घरमालकिणी दार लावून घेत. १९०५ मध्ये श्यामजी कृष्ण वर्मा यांनी हायगेट भागात क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवर ६५ क्रमांकाच्या घरात ‘इंडिया हाउस’ उघडलं. पंचवीसेक विद्यार्थ्यांची तिथे सोय होती. पुढे सावरकर तिथे राहिले आणि ते घर क्रांतिकारकांचं ठाणं म्हणून इतिहासात गेलं, हे आपल्याला माहीत आहे. पण मुळात ते एक वसतिगृह होतं. ज्यांना इतरत्र दारं बंद होती, ती मुलं तिथे एकत्र जेवू लागली आणि एकत्र बोलू लागली. १९०९ नंतर ते बंद पडलं. तोवर ब्रिटिश सरकारलाही या मुलांच्या मुक्कामाची काळजी वाटू लागली होती. सरकारी आश्रयाखाली क्रॉमवेल रोडवर २१ क्रमांकाच्या घरात त्यांच्यासाठी सोय झाली. ही सोय आपली की आपल्यावर नजर ठेवणाऱ्यांची, अशी शंका विद्यार्थ्यांना कायम राहिली. खोलीचा प्रश्न राजकारणाचा प्रश्न होतो, तो असा.

आता बाबासाहेबांकडे येतो. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड. त्यात स्वतःचं भागवायचं, घरी पैसे पाठवायचे आणि पुस्तकंही घ्यायची. विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांच्याबरोबर नवल भथेना नावाचे पारशी स्नेही राहत. ही मैत्री जन्मभर टिकली. लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांनी दिलेलं पाच हजारांचं कर्ज, एवढी पुंजी त्यांच्याकडे होती.

त्या वेळचे लंडनमधले दिवस धनंजय कीरांनी चरित्रात वर्णिले आहेत. खाणावळीची मालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा आणि चहा, दुपारचं जेवण नाही, ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बंद होईपर्यंत वाचन. रात्री उशिरा भूक खवळली की कुणीतरी दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे, आणि पुन्हा वाचत बसायचं.

याच सुमारास आणखी एक संकट सगळ्याच हिंदी विद्यार्थ्यांवर आलं. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया दीड शिलिंगाच्या खाली आला. घरून येणारे रुपये तेवढेच, पण लंडनमध्ये हातात पडणारे शिलिंग निम्म्यावर. माझा भाचा रोज सकाळी मोबाइलवर युरोचा भाव बघतो, तेव्हा मला हे आठवतं. बाबासाहेबांनी याच काळात रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपानं लंडनला प्रसिद्ध झाला. रुपया घसरला की खोलीत बसलेल्या माणसाच्या ताटातलं काय कमी होतं, हे त्या लेखकाला पुस्तकाबाहेरही ठाऊक होतं.

पण माझ्या मनाला लागतं ते लंडन नव्हे, बडोदं. या दोन मुक्कामांच्या मधे, १९१७ मध्ये, न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. तिथे अस्पृश्याला राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडायला बजावून गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. उरलेला वेळ बागेत काढून रात्रीच्या गाडीनं ते मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. परदेशात प्रश्न होता भाड्याचा. मायदेशी भाडं खिशात होतं, पण आडनाव आड आलं. आणि हेही विसरू नये, की सराईतून बाहेर काढणारे पारशी होते, तसे लंडनसाठी कर्ज देणारे भथेनाही पारशीच होते. दार माणूस उघडतो आणि माणूसच लावतो.

याचा थोडा अनुभव माझ्याही पदरी आहे. १९९४ मध्ये बी.ए. होऊन मी पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. एका वाड्यात खोली पाहिली. मालकीणबाईंनी चहा दिला, भाडं ठरलं, अनामत ठरली. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगंबाई, ही खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे, मी विसरलेच.’’ असे बरेच पुतणे त्या महिन्यात मला आडवे आले. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेल्या एका आजींनी जागा दिली. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘नमाज पढ, काही म्हणणं नाही. पण नळाचं पाणी आठला जातं, तेवढं लक्षात ठेव.’’ त्या खोलीत मी माझ्या पहिल्या संग्रहातल्या बहुतेक कविता लिहिल्या.

आता एक गोष्ट कबूल करतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या सभेत विषय निघाला. पुण्यात शिकायला आलेल्या दोन सुदानी मुलांना एका सभासदाला सदनिका भाड्यानं द्यायची होती. कुणी म्हणालं, पोरं रात्री जागतात. कुणी म्हणालं, त्यांच्या स्वयंपाकाचा वास येतो. कुणी काहीच कारण दिलं नाही, नुसतं नको म्हणालं. मी गप्प बसलो. सोसायटीत आमचं एकच मुसलमान घर, उगाच कशाला बोला, असा विचार केला. विषय पुढच्या सभेवर गेला.

भाच्याचा फोन आला तो त्यानंतरच्या आठवड्यात. पन्नास-साठ ठिकाणी त्यानं अर्ज केले होते, बहुतेकांनी उत्तरही दिलं नव्हतं. अखेर तीन जर्मन मुलांनी आपल्या घरातली एक खोली देऊ केली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी त्याची मुलाखत घेतली. मी घाबरत विचारलं, ‘‘काय काय विचारलं रे?’’ तो म्हणाला, ‘‘एवढंच, की आठवड्यातून एकदा स्वयंपाकघर घासशील ना?’’

पुढच्या सभेत मी उभा राहिलो. भाषण वगैरे केलं नाही. माझ्या भाच्याला परदेशात खोली कशी मिळाली, ते सांगितलं आणि बसलो. आणखी दोन घरांतली मुलं परदेशात आहेत, त्यांचे आईवडीलही मग बोलले. थोडी वादावादी झाली, पण परवानगी मिळाली.

ती दोन मुलं आता आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. औषधनिर्माणशास्त्र शिकतात. परवा त्यातला एक जण खाली आला आणि मोडक्यातोडक्या हिंदीत विचारू लागला, की देखभाल खर्च भाड्यात धरलेला असतो की वेगळा द्यावा लागतो. मी त्याला आत बोलावलं, चहा टाकला आणि कागद-पेन्सिल घेऊन त्याला आमच्याकडचं थंड भाडं आणि गरम भाडं समजावून सांगितलं.