बाटलीतले शेवाळ आणि सरकलेली पाने

गेल्या आठवड्यात नात सुट्टीवर आली होती. ती समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांवर संशोधन करते. "दिवसभर करतेस तरी काय?" असे विचारले तर म्हणाली, "आजोबा, जुन्या खुणा नव्या पानांवर बसवते." मराठी माध्यमातून बीए झालेल्या माणसाला एवढ्याने काय कळणार! पण उभी हयात इतिहास शिकवण्यात गेली, म्हणून म्हटले, पहिल्यापासून सांग.

पहिल्यापासून म्हणजे १९५८ पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या मोरिचेस खाडीतून रॉबर्ट गिलार्ड यांनी एक एकपेशीय शेवाळ वेगळे काढले. नाव थॅलॅसिओसिरा स्यूडोनाना. (मीही तीन वेळा विचारून लिहून घेतले.) हे डायटम, म्हणजे मराठीत करंडक वनस्पती. झाकणाच्या डबीसारखे सिलिकेचे कवच, म्हणून करंडक. नाव ठेवणाऱ्याला शंभरपैकी शंभर! पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणातून जे काही तयार होते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या डोळ्यांना न दिसणाऱ्या डायटमांचा असतो.

गिलार्ड यांना ही शेवाळे हवी होती ती कालवे-शिंपल्यांचे खाद्य म्हणून. डीएनएची रचना कळून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती, ती अक्षरे वाचण्याची पद्धत कुणाकडेच नव्हती. तरीही ते वाण जिवंत ठेवले गेले. आपल्याकडे विरजण ठेवतात तसे, थोडे काढायचे, ताज्या पाण्यात घालायचे, पुन्हा वाढू द्यायचे. तब्बल ४६ वर्षे! आणि २००४ साली व्हर्जिनिया आर्मब्रस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वाणाचा जनुकसंच 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध केला. सुमारे ३ कोटी ४० लाख अक्षरे. (माणसाची ३०० कोटी.) त्यात एक नवल निघाले. प्राण्यांच्या शरीरात असते तसे युरिया-चक्र या शेवाळात सापडले. वनस्पतीसारख्या जगणाऱ्या जीवात ते कुणी शोधलेही नव्हते. ते काय कामाचे, हे २०११ मध्ये उमगले. नायट्रोजनची उपासमार संपली की शेवाळाला पुन्हा उभारी धरायला ते मदत करते.

२००८ साली दुसरे डायटम वाचले गेले, फिओडॅक्टिलम ट्रायकॉर्नूटम. त्याचे वाण इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरून १९५६ मध्ये घेतलेले. हे बहुरूपी आहे. कधी लंबगोल, कधी चातीसारखे, कधी तीन फाट्यांचे. अक्षरे तीच, रूपे तीन!

इथे मला अडले. नात म्हणाली, "आजोबा, तुमची मुले धडे ऑप्शनला टाकायची ना?" मग डोक्यात प्रकाश पडला. पुस्तक सगळ्यांचे एकच, पण कुणी एखाद्या धड्यावर फुली मारतो, कुणी दुसऱ्या धड्याखाली लाल रेघ ओढतो. पेशीही डीएनएवर आणि तो ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावर रासायनिक खुणा करते. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते सोडायचे, ते त्यांवरून ठरते. या सगळ्या खुणा म्हणजे एपिजीनोम. फिओडॅक्टिलमच्या खुणांचे नकाशे लैला तिरिशीन यांच्या गटाने २०१३ आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. रूप बदलण्याशी त्यांतल्या एका खुणेचा संबंध आहे, हेही पुढे दिसले.

आता खरी गोम. प्रत्येक खुणेचा पत्ता असतो, अमुक रंगसूत्र, अमुक क्रमांकाचे अक्षर. आणि २००८ चे वाचन छोट्या छोट्या तुकड्यांचे होते. एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो तिथे जोड चुकले, मोकळ्या जागा राहिल्या. लांब पट्ट्या सलग वाचण्याचे तंत्र आल्यावर २०२१ मध्ये तोच जनुकसंच पुन्हा वाचला गेला, २०२२ मध्ये टोकापासून टोकापर्यंत. पूर्वी ३३ तुकडे रंगसूत्रांएवढे धरले होते, ती रंगसूत्रे २५ निघाली! म्हणजे पुस्तकाची नवी आवृत्ती आली, पाने सरकली, आणि जुन्या सूचीतले सगळे पृष्ठांक निरुपयोगी झाले.

नशीब एवढेच की मूळ नोंदी सार्वजनिक भांडारात ठेवलेल्या होत्या. म्हणून २०२३ मध्ये तिरिशीन यांच्याच गटाला त्या नव्या वाचनावर बसवून 'फिओएपिव्ह्यू' नावाने सर्वांसाठी खुल्या करता आल्या. असेच आणखी एक उदाहरण. साडेसहाशेहून अधिक नमुन्यांत कोणती जनुके चालू होती, त्याच्या नोंदी २०१४ मध्ये एका मोठ्या प्रकल्पाने मांडल्या. २०१९ मध्ये भलत्याच मंडळींनी त्याच कच्च्या नोंदी पुन्हा जुळवल्या, तर पहिल्यांदा हाती न लागलेला मजकूर मिळाला. मानवी जनुकसंचावर काम करणाऱ्यांनी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर ठरवले होते की वाचलेला मजकूर २४ तासांत जगाला द्यायचा. मला तर हा ठराव एखाद्या मोठ्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

कारण उलटे काय होते ते मी पाहिले आहे. एका शाळेत मी असताना शतकभराची हजेरीपुस्तके रद्दीत गेली. त्यांवर आधारलेली शाळेच्या इतिहासाची पुस्तिका तेवढी उरली. तिच्यात चुका आहेत हे मला ठाऊक आहे, पण ताडून कशाशी पाहणार? रद्दीवाल्याला कागद उचलून देणाऱ्यांत मीही होतो. असो.

निघताना नातीला विचारले, "मोरिचेस खाडीतले ते पहिले शेवाळ कुठे असते गं आता?" म्हणाली, "आहे की! मेन राज्यातल्या बिगेलो प्रयोगशाळेच्या संग्रहात. १३३५ क्रमांक सांगून मागवायचे."