घरातल्या बंदुकीची जागा

चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या, अरण्यप्रदेशात बंदूक कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचा खल सरकारी दप्तरांत १८५८ पासून अखंड चालत आला. परंतु ती घरात कोणत्या ठिकाणी, कशात आणि कोणाच्या किल्लीखाली असावी, याचा तपशीलवार विचार कायद्याने अगदी अलीकडे केला, ही गोष्ट मला या प्रदेशाच्या इतिहासातील एक मोठे वैगुण्य वाटते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन इंग्रजी अंमल बसल्यास पुरती पाच वर्षे झाली नव्हती, तोच मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभी केली, आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी देण्यात आली. अरण्यातील जमीनदाराच्या हाती शस्त्र असणे म्हणजे काय, याचा धडा इंग्रज अधिकाऱ्यांनी या उठावापासून घेतला. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने एतद्देशीयांस परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरविला, आणि युरोपीय गृहस्थांस मात्र त्या जाचातून सूट दिली. हा भेद प्रजेला अपमानास्पद वाटला आणि तो तसा होताच. परवाना कोणास द्यावयाचा आणि कोणास नाही, एवढ्याकडेच सरकारचे सारे लक्ष होते. परवानाधारकाने घरी गेल्यावर बंदूक कोठे ठेवावी, हा त्याच्या घरचा प्रश्न राहिला.

आणि घराने तो आपल्या पद्धतीने सोडविला होता. मालगुजाराच्या वाड्यात बंदूक दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन सागवानी खुंट्यांवर आडवी टांगलेली असे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या दृष्टीस ती पडावी, हा त्यातील उघड हेतू. शेतकऱ्याच्या घरी धान्यरक्षणासाठी घेतलेली ठासणीची बंदूक, जिला या भागात भरमार म्हणतात, माजघरात आढ्याला बांधलेली असे, किंवा कणगीमागच्या कोपऱ्यात उभी असे. कुलूप बहुधा नव्हतेच. घरातील कर्त्या पुरुषाचा धाक हेच कुलूप मानले जाई. या व्यवस्थेत एक गुण होता, तो नाकारता येणार नाही: उघड्यावर आणि चुलीच्या उबेत राहिल्यामुळे झडीच्या दिवसांतही लोखंड फारसे गंजत नसे. परंतु तिच्यातील धोका भयंकर होता. ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू व छर्रे भरून गजाने एकदा ठासले, म्हणजे तो भरणा बाहेर काढणे अतिशय किचकट. बंदूक उडवून टाकणे हाच तिला रिकामी करण्याचा सोपा मार्ग. रानडुकरे किंवा रोही त्या रात्री शेतात उतरलेच नाहीत, तर मचाणावरून परतलेला माणूस दारूला ठिणगी देणारी केप तेवढी काढून घेई आणि भरलेली बंदूक तशीच पुन्हा कोपऱ्यात ठेवी. त्याच कोपऱ्यात मुले खेळत.

स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याची ही गरज मान्य केली; खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात स्पष्ट शब्दांत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकास वनखात्याकडे नावनोंदणी करणे बंधनकारक केले. ताडोब्याच्या भोवतालच्या गावांस ही नोंदणी परिचयाची आहे. म्हणजे महसूल, पोलीस आणि वन या तिन्ही खात्यांच्या वह्यांत बंदुकीची नोंद झाली, पण खुंटी होती तेथेच राहिली.

ती खुंटी निरुपयोगी ठरली ती १९८० नंतर. गोदावरीपलीकडून नक्षलवादी दले सिरोंचा-अहेरीच्या जंगलात उतरली, १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि जी बंदूक पूर्वी घराची प्रतिष्ठा होती तीच एकाकी घराचे संकट झाली. शस्त्राच्या शोधात असलेल्या टोळीला भिंतीवरची बंदूक हे आमंत्रणच होते. आणि ती हातची गेली, तर पोलिसांना कैफियत द्यावी लागे ती घरमालकालाच. पुढे पोलिसांच्या आवाहनावरून गडचिरोलीच्या अनेक गावांनी भरमार बंदुका आपण होऊन ठाण्यात जमा केल्या, हे मला या इतिहासातील अत्यंत समंजस पाऊल वाटते.

ज्यांच्याजवळ परवाना आणि बंदूक राहिली, त्यांच्याकडून सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी घेण्याची पद्धत २०१६ च्या शस्त्र नियमांनी आणली, आणि तेव्हा कोठे पेटीचा प्रश्न घरोघर आला. गोदरेज कंपनी १९०२ पासून तिजोऱ्या करीत आहे. पण दागिन्यांच्या तिजोरीत किंवा कपाटाच्या चोरकप्प्यात बंदूक मावत नाही. बारा बोअरची बंदूक नळी व दस्ता वेगळे करून आखूड पेटीत ठेवता येते. भरमार तशी सहजी सुटत नाही, तिला तिच्या पूर्ण उंचीची पेटी लागते. काडतुसांचा किंवा दारू-केपांचा कप्पा वेगळा व वेगळ्या किल्लीचा हवा. बंद लोखंडी पेटीत पावसाळ्याचा दमटपणा कोंडतो, म्हणून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवाव्यात, नळीला तेलाचा हात द्यावा, आणि बंदूक कापडी वा चामडी खोळीत ठेवू नये, कारण ओल खोळच धरून ठेवते.

सर्वांत बिकट प्रश्न भिंतीचा. पेटी बोल्टांनी जखडली नाही, तर दोन माणसे ती बंदुकीसकट उचलून नेतील. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्ट बसतो, परंतु एटापल्ली-भामरागडकडील कुडाच्या घरात, जेथे भिंत म्हणजे बांबूचा ताटवा आणि त्यावर मातीचा लेप, तेथे तो धरणार कशात? अशा घरात जमीन खोदून, दगड-सिमेंटचा पक्का ओटा बांधून, बोल्ट त्याच्या ओल्या सिमेंटमध्येच उभे करावे लागतात. ओटा पुरता वाळल्यावर पेटी वर चढवून नट पेटीच्या आतून आवळावे, म्हणजे दार उघडल्याशिवाय ते कोणास सोडविता येणार नाहीत. जागा दारातून दिसणारी नसावी, आणि छप्पर गळते त्या बाजूची तर मुळीच नसावी. हा खर्च कित्येकदा जुन्या भरमारीच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून हमीपत्रावर सही घेणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराच्या घराची भिंत एकवार पाहून यावे, आणि जेथे पेटी टिकणारच नाही तेथे गावातील बंदुका पोलीस ठाण्यात ठेवून रखवालीच्या हंगामापुरत्या नोंदवहीवर देण्याची सोय करावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.