पहिला पेला कोणता? बिअरच्या यादीत दडलेला इतिहास

गेल्या महिन्यात पुण्यातील एका मायक्रोब्रुअरीत एक मित्र प्रथमच बिअर घेण्यास बसला. समोर यादी आली : हेफेवायझन, पिल्सनर, पोर्टर, इंडिया पेल एल. त्याने यादी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "तू इतिहासवाला ना, मग सांग, आधी कोणती घेऊ?" प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर देताना इतिहासच उपयोगी पडला. त्या उत्तराचा हा धागा. थोडा लांबेल.

(महाराष्ट्रात बिअरसाठी कायद्याने वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्याखालील वाचकांनी तूर्त इतिहासावर समाधान मानावे.)

आरंभ गव्हाच्या बिअरपासून करावा. कडूपणा नाममात्र, आणि वासात केळे व लवंग यांची आठवण. गंमत अशी की, त्यात ना केळे असते ना लवंग. हा सारा यीस्टचा खेळ. १५१६ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे फर्मान काढले की, बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. गहू वगळला गेला, कारण तो पावासाठी हवा होता. पण एका सरदार घराण्याकडे गव्हाच्या बिअरची खास सनद राहिली. ते घराणे निर्वंश झाल्यावर १६०२ मध्ये ड्यूक माक्सिमिलियनने तो हक्क स्वतःकडे घेतला आणि प्रजेला निषिद्ध असलेल्या पेयावर राजकोष भरू लागला. शुद्धतेचा कायदा म्हणून आज ज्या फर्मानाची जाहिरात होते, त्याची ही दुसरी बाजू लेबलावर छापत नाहीत.

दुसरा पेला पिल्सनरचा. आपल्या दुकानांत मिळणारी बहुतेक फिकट सोनेरी बिअर हिचीच दूरची, पुष्कळशी पातळ झालेली वंशज आहे. म्हणून मूळ चव एकदा तरी पाहावी. बोहेमियातील पिल्सेन शहराची बिअर १८३८ मध्ये इतकी बिघडली की, नागरिकांनी ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली. मग हक्कदार नागरिकांनी एकत्र येऊन नवी भट्टी उभारण्याचे ठरवले आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल या तरुण ब्रुअरला बोलावले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा घातला. पिल्सेनचे मृदू पाणी, फिकट माल्ट, झाटेत्सचे सुगंधी हॉप्स आणि थंडाव्यात सावकाश आंबणारे बव्हेरियन यीस्ट या चार गोष्टी तेथे जुळल्या.

हे 'थंडाव्यात सावकाश' म्हणजेच लागर. त्याउलट उबेत लवकर आंबते ती एल. यादीतील सारी नावे शेवटी या दोन घराण्यांत जातात. लागर पूर्वी थंड तळघरांत मुरवावी लागे. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रे आली, १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने शुद्ध यीस्ट वेगळे केले, आणि ही बिअर जगात कोठेही करता येऊ लागली.

पोर्टरचा काळा रंग पाहून नवखे घाबरतात. वस्तुतः तिची चव कॉफी आणि करपलेल्या पावाच्या कडेजवळची असते. फिल्टर कॉफी आवडणाऱ्यास ती परकी वाटू नये. ही अठराव्या शतकातील लंडनच्या हमालांची बिअर. 'पोर्टर' या नावातच हमाल आहे. ती अवाढव्य हौदांत मुरवत. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या भट्टीतील असा एक हौद फुटला, आणि शेजारच्या गरीब वस्तीत शिरलेल्या लोंढ्याने आठ जणांचा बळी घेतला.

आता ज्या पेयासाठी हा धागा मुख्यत्वे लिहायला घेतला, ते इंडिया पेल एल.

प्रचलित कथा अशी : इंग्लंडहून हिंदुस्थानात येणारी बिअर दीर्घ प्रवासात नासत असे, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप्स आणि अधिक मद्यार्क असलेली एक खास नवी बिअर शोधून काढली. दोन वर्षांपूर्वी मीही ही कथा एका धाग्यात जशीच्या तशी लिहिली होती. खाली एका वाचकाने एकच शब्द लिहिला : "पुरावा?" मी शोधू लागलो. हॉजसनने असा काही शोध लावल्याचा पुरावा मिळाला नाही. मार्टिन कॉर्नेल या ब्रिटिश अभ्यासकाने ही कथा केव्हाच उसवून ठेवली होती. मी ते वाचले नव्हते, इतकेच.

फिकट एल हॉजसनच्या आधीपासून होती. पोर्टरही हिंदुस्थानात सुखरूप पोहोचत असे. गोऱ्या शिपायांचे नेहमीचे पेय पुढेही दीर्घकाळ तेच राहिले. हॉजसनचे खरे भांडवल दोन प्रकारचे होते. बो येथील त्याची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथे लागत त्या ब्लॅकवॉलपासून जवळ होती, आणि खासगी व्यापाराची मुभा असलेल्या जहाजाच्या कप्तानांना तो दीड वर्षापर्यंत उधारी देई. कप्तान त्याच्याकडून एक तगडी 'ऑक्टोबर बिअर' नेत. इंग्लंडच्या तळघरात ती वर्ष-दोन वर्षे मुरवण्याची रीत होती. आफ्रिकेला वळसा घालताना विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. त्या उष्णतेत आणि हेलकाव्यांत ती काही महिन्यांतच मुरून आली. म्हणजे समुद्राने बिअर बिघडवली नाही, उलट तयार केली. आणि तिला बाजारात आणले ते उधारीने.

पुढे याच घराण्याच्या वारसांना लोभ सुटला. त्यांनी कप्तानांना बाजूला सारून माल स्वतःच पाठवण्यास आरंभ केला आणि उधारी आखडली. कंपनी दुखावली. १८२२ मध्ये कंपनीच्या कॅम्पबेल मार्जोरिबँक्सने बर्टनच्या सॅम्युअल ऑलसॉपला हॉजसनच्या बिअरचा नमुना दाखवून विचारले : अशी करता येईल का? रशियाच्या जकातीमुळे ऑलसॉपचा जुना बाजार नुकताच बुडाला होता. त्याच्या जॉब गुडहेड या माल्ट करणाऱ्याने पहिला प्रयोग चक्क चहाच्या किटलीत केला, असे सांगतात. बर्टनच्या पाण्यात जिप्सम विपुल; त्यामुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि कोरडा उतरला. आजही इंडिया पेल एलचा पहिला घोट जिभेला खरवडतो, त्यात त्या पाण्याची आठवण आहे. म्हणूनच ती शेवटी घ्यावी. कडूपणाची सवय जडायला कारल्यालासुद्धा दोन-चार जेवणे लागतात.

परंतु नावातल्या 'इंडिया'त हिंदुस्थानी माणूस कोठे होता? तो होता आबदार. सोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून साहेबाचे पेय गार करणे, हे त्याचे काम. १८३० च्या दशकात अमेरिकेहून बर्फ येऊ लागला आणि आबदाराची ही कला मागे पडत गेली. (जाता जाता : एल बर्फासारखी गार पिऊ नये. जीभ बधिर झाली की वास आणि चव दोन्ही हरवतात.)

आणि होता भंडारी. कोकण किनाऱ्यावर माडी होतीच, डोंगरपट्ट्यात मोहाची दारू होती. मुंबई सरकारच्या १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर माडाच्या झाडांवरील कर वाढला, आणि माडी काढणाऱ्यांचा पिढीजात धंदा अडचणीत आला. १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. जे आपल्या झाडावर पिकत होते ते गुन्ह्याच्या कक्षेत गेले, आणि दूरच्या सातूचे पेय प्रतिष्ठित ठरले. यादीतील फक्त चवींचे कौतुक करून थांबणे मला जमत नाही, ते यामुळे.

हिंदुस्थानात बिअर करण्याचा आरंभही लष्करी छावण्यांच्या आसऱ्याने झाला. एडवर्ड डायरने कसौलीला भट्टी काढली. १८६० मध्ये मरी येथेही भट्टी उभी राहिली. १८६४ मध्ये मरीतच त्याला मुलगा झाला, त्याचे नाव रेजिनाल्ड. हाच तो १९१९ चा जालियनवाला बागेतील जनरल डायर.

आपल्या राज्याचा पुढचा अध्याय सर्वांना ठाऊक आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, आणि प्रकृतीच्या कारणास्तव पिण्याचा परवाना देण्याची पद्धत आली. हमरस्त्यावरील 'परमिट रूम' ही पाटी तिचाच अवशेष. तेथे बहुधा प्रथम पुढे येते ती 'स्ट्राँग' बिअर, आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्काची. नवख्याने ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात चव शिकण्याजोगे फारसे नसते. ती कमी पैशात नशा देण्याच्या हिशेबाने केलेली असते.

२००९ मध्ये पुण्यात राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचे नाव 'डूलाली'. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आला आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन् महिने खितपत पडलेले गोरे शिपाई भ्रमिष्ट होत. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप.

मित्राने माझे सारे ऐकून घेतले आणि नावात इंडिया आहे म्हणून आधी इंडिया पेल एलच मागवली. दोन घोटांनंतर पेला माझ्याकडे आला. त्याने गव्हाची घेतली.